हृदयाची झडप गळते तेव्हा

गेल्या काही आठवड्यांत जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतून आलेल्या पत्रांमध्ये ‘व्हॉल्व लीक’ हा एकच शब्द पुन्हा पुन्हा वाचायला मिळाला, आणि जवळजवळ प्रत्येक पत्राच्या शेवटी माणूस किती जगेल हा प्रश्न या ना त्या शब्दांत विचारलेला होता. म्हणून या अंकातील सदर त्याच विषयाला दिले आहे. पत्रे संक्षिप्त केली असून पत्रलेखकांची नावे दिलेली नाहीत.

प्रश्न (अमळनेर) : डॉक्टरसाहेब, सप्रेम नमस्कार. माझे वडील ६६ वर्षांचे आहेत. आम्ही त्यांना आप्पा म्हणतो. दोन वर्षांपूर्वी त्यांना हृदयविकाराचा मोठा झटका आला आणि त्या वेळी अँजिओप्लास्टी करून स्टेंट बसवला. गेल्या महिन्यापासून ते रात्री भिंतीला टेकून, बसल्या बसल्या झोपतात. विचारले तर ‘आडा पडनू का दम लागस’ एवढेच सांगतात. नव्या टू-डी इकोच्या (हृदयाच्या सोनोग्राफीच्या) अहवालात ‘ईएफ ३५ टक्के, मॉडरेट एमआर’ असे लिहिले आहे. (‘ईएफ’ म्हणजे हृदयाची ताकद, म्हणजे दर ठोक्याला खालचा कप्पा आपल्यातील किती टक्के रक्त बाहेर ढकलतो ते; ‘मॉडरेट एमआर’ म्हणजे डाव्या बाजूच्या मायट्रल झडपेची मध्यम गळती.) ब्लॉकेज तर उघडले होते, मग ही गळती कुठून आली? व्हॉल्व गळणारा माणूस फार दिवस काढत नाही असे नातेवाईक म्हणतात, ते खरे आहे का?

उत्तर : आपण सरळ विचारले आहे, म्हणून सरळच सांगतो. झटक्यानंतर हृदयाची मायट्रल झडप गळू लागली तर जिवाचा धोका वाढतो, आणि गळती जितकी जास्त तितका तो अधिक वाढतो, हे खरे आहे. ‘फार दिवस काढत नाही’ हे मात्र सरसकट खरे नाही. गळती किती आहे, कशामुळे आहे आणि तिच्यावरचे उपचार किती नेटाने होतात, यावर पुढचे सगळे अवलंबून असते.

आधी गळती कुठून आली ते पाहू. आपल्याकडे विहिरीवर मोटार असलेल्या प्रत्येक शेतकऱ्याला ‘फुटबॉल’ ठाऊक असतो. पाइपाच्या तळाशी बसवलेली ही झडप पाणी वर जाऊ देते, खाली परतू देत नाही. मायट्रल झडपेचे कामही तसेच आहे. फुप्फुसांतून आलेले शुद्ध रक्त हृदयाच्या डाव्या वरच्या कप्प्यातून खालच्या कप्प्यात उतरते, आणि खालचा कप्पा आकुंचन पावून ते शरीराकडे ढकलतो तेव्हा मधली मायट्रल झडप मिटते. तिला दोन पाकळ्या असतात आणि त्या पाकळ्या बारीक, चिवट दोऱ्यांनी खालच्या कप्प्याच्या स्नायूंना बांधलेल्या असतात. आप्पांच्या बाबतीत या पाकळ्या किंवा दोऱ्या खराब झालेल्या असण्याची शक्यता कमी आहे. झटक्यात स्नायूचा काही भाग मेला, उरलेला भाग भार सोसता सोसता ताणला गेला आणि खालचा कप्पा फुग्यासारखा रुंद झाला. त्याबरोबर दोऱ्या बाहेरच्या बाजूला ओढल्या गेल्या आणि झडपेची चौकटही सैल झाली. दाराच्या फळ्या धड असल्या तरी चौकट रुंदावली की मध्ये फट राहते, तसे हे झाले आहे. स्टेंटने रक्तवाहिनी उघडते; मेलेला स्नायू त्याने परत येत नाही. म्हणूनच उत्तम अँजिओप्लास्टी होऊनही काही रुग्णांत पुढे गळती दिसू लागते, आणि त्यात आधीच्या डॉक्टरांची चूक असते असे समजू नये.

ही गळती थकलेल्या हृदयावर दुहेरी भार टाकते. प्रत्येक ठोक्याला काही रक्त मागे जाते, ते पुढच्या ठोक्यात पुन्हा खाली येते, त्यामुळे कप्पा आणखी फुगतो, आणि कप्पा फुगला की फटही वाढते. मागे गेलेल्या रक्ताचा दाब फुप्फुसांत साठतो. आडवे झाल्यावर पायांकडचे रक्तही छातीकडे येते आणि दम लागतो. आप्पा भिंतीला टेकून झोपतात याचे कारण हेच आहे. ही वयाची सवय नव्हे, धोक्याची खूण आहे. हे उत्तर छापून येण्याची वाट न पाहता त्यांना हृदयरोगतज्ज्ञांकडे न्यावे, असे मी आपल्याला स्वतंत्र पत्राने कळवलेही आहे.

आता आकड्यांविषयी. अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी २००१ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात पूर्वी झटका येऊन गेलेले ३०३ रुग्ण होते. त्यांपैकी १९४ जणांची मायट्रल झडप गळत होती, १०९ जणांची नव्हती. वय आणि हृदयाची ताकद या बाबतींत दोन्ही गट सारखे होते. पाच वर्षांनंतर गळती नसलेल्यांपैकी सुमारे ३९ टक्के दगावले होते आणि गळती असलेल्यांपैकी सुमारे ६२ टक्के. गळतीचे छिद्र २० चौरस मिलिमीटर किंवा त्याहून मोठे असलेल्यांत तर पाच वर्षांनी जिवंत राहिलेले तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी होते. या अभ्यासाने आम्हा डॉक्टरांचीही दृष्टी बदलली, कारण तोपर्यंत अशा गळतीला झटक्याची किरकोळ मागची सावली समजण्याकडे अनेकांचा कल होता. हृदयाची ताकद सारखी असूनही गळणारा गट मागे पडला, याचा अर्थ गळती ही केवळ आजाराची खूण नसून स्वतःही नुकसान करणारी गोष्ट असावी.

हे आकडे वाचून कृपया आप्पांच्या आयुष्याचे गणित मांडू नका. ते रुग्ण पंचवीस-तीस वर्षांपूर्वीचे होते. आज हृदय कमकुवत झालेल्या रुग्णासाठी चार प्रकारची औषधे एकत्र देता येतात : बीटा ब्लॉकर, सॅक्युबिट्रिल-व्हल्सार्टन किंवा त्याच्या जवळचे औषध, स्पायरोनोलॅक्टोन, आणि मुळात मधुमेहासाठी आलेली पण मधुमेह नसलेल्या हृदयरुग्णालाही उपयोगी पडणारी डॅपाग्लिफ्लोझिनसारखी गोळी. यांतली बरीच त्या काळी एक तर नव्हती किंवा सर्रास वापरली जात नव्हती. ही औषधे दोन ते तीन महिने हळूहळू वाढवत नेली की अनेक रुग्णांत फुगलेला कप्पा काही प्रमाणात लहान होतो, चौकट आवळते आणि ‘मॉडरेट’ गळती ‘माइल्ड’वर येते. मी स्वतः इकोच्या पडद्यावर हे पुन्हा पुन्हा पाहिले आहे. पहिल्या दिवशी झडपेतून मागे उसळणारी निळी-हिरवी ज्योत वरच्या कप्प्याच्या तळापर्यंत पोहोचलेली असते, आणि तीन महिन्यांनी त्याच रुग्णात ती झडपेपाशीच विझते. हृदयाच्या विद्युतप्रवाहात विशिष्ट अडथळा असेल तर एका खास प्रकारच्या पेसमेकरनेही असाच फरक पडू शकतो. तेव्हा आपल्या डॉक्टरांना तीन गोष्टी विचारा : चारही औषधे सुरू आहेत का, नसल्यास कोणत्या कारणाने नाहीत, आणि पुढचा इको कधी करायचा. रक्तदाब फार कमी असणे, मूत्रपिंड अशक्त असणे किंवा पोटॅशियम वाढणे ही औषध न देण्याची रास्त कारणे आहेत; ‘आता बरे वाटते’ हे औषध बंद करण्याचे कारण नाही.

घरी करण्याजोगे एक काम मात्र तुमच्याच हातात आहे. रोज सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, चहापूर्वी, एकाच काट्यावर आप्पांचे वजन करून ते कॅलेंडरवर त्या तारखेच्या चौकोनात लिहा. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढले तर ते अंगावर चढलेले मांस नव्हे, साठलेले पाणी असते, आणि दम लागण्याआधीच वजनाचा काटा ते सांगतो. नडगीवर अंगठा दाबून धरल्यावर खड्डा राहिला तर तोही लिहून ठेवा.

मिठाचे सांगितल्यावाचून राहवत नाही. भाजीत मीठ कमी केले म्हणून घरचे निश्चिंत असतात आणि ताटाच्या कडेला बिबड्या, उडदाचा पापड, कैरीचे लोणचे आणि ठेचा तसाच असतो. कळण्याच्या भाकरीच्या पिठातही मीठ असते, आणि शेवभाजीत रश्श्याचे वेगळे आणि शेवेचे वेगळे. निरोगी माणसालासुद्धा दिवसभरात सगळे मिळून पाच ग्रॅम म्हणजे चहाच्या सपाट चमच्याइतके मीठ पुरे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. वांग्याचे भरीत आप्पांनी जरूर खावे, फक्त त्यांच्या वाट्याचे मीठ घालण्यापूर्वी बाजूला काढावे. वैशाख-ज्येष्ठात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो तेव्हा लघवी वाढवणाऱ्या गोळीचे प्रमाण तेच ठेवले तर काही जणांना चक्कर येते, रक्तदाब उतरतो. म्हणून उन्हाळा लागताना एकदा डॉक्टरांना भेटून प्रमाण ठरवून घ्या, स्वतःहून गोळी बंद करू नका.

प्रश्न (भुसावळ) : मी ४१ वर्षांचा असून रेल्वेत नोकरीला आहे. नेहमीच्या तपासणीत इको केला, त्यात ‘ट्रिव्हियल एमआर, ट्रिव्हियल टीआर’ (‘टीआर’ म्हणजे उजव्या बाजूच्या ट्रायकस्पिड झडपेची गळती) असे आले. बाकी सगळे नॉर्मल आहे. मला कोणताही त्रास नाही, पण तेव्हापासून झोप लागत नाही. माझे आयुष्य कमी होणार का?

उत्तर : नाही. हल्लीची इको यंत्रे इतकी संवेदनशील आहेत की अगदी धडधाकट माणसाच्या झडपेतूनही मिटताना मागे जाणारा रक्ताचा थेंब त्यांना दिसतो, आणि डॉक्टर तो प्रामाणिकपणे नोंदवतात. झडपेची रचना, कप्प्यांचा आकार आणि हृदयाची ताकद नॉर्मल असेल तर ‘ट्रिव्हियल’ म्हणजे नगण्य गळती हा आजार नाही. तिला औषध लागत नाही आणि दर सहा महिन्यांनी इको करण्याचीही गरज नाही. आपला रक्तदाब आणि साखर तेवढी तपासत राहा.

प्रश्न (धुळे) : माझी आई ७१ वर्षांची आहे. तिच्या हृदयाचे पंपिंग (ईएफ) २८ टक्के असून मायट्रलची गळती ‘सिव्हिअर’ (तीव्र) आहे. छाती उघडून शस्त्रक्रिया करणे फार जोखमीचे होईल, असे डॉक्टर म्हणाले. पुण्यात शिकणारा माझा भाचा सांगतो की मांडीतून नळी घालून व्हॉल्वला क्लिप लावतात आणि माणूस वाचतो. खर्च फार मोठा आहे. शेत विकावे का, या विचारात आम्ही आहोत. त्याने आईचे आयुष्य खरोखर वाढेल का?

उत्तर : आपण शेताचा उल्लेख केला आहे, म्हणून हे उत्तर लिहिण्यापूर्वी मी बराच वेळ घेतला. क्लिपचे तत्त्व सोपे आहे. मांडीच्या शिरेतून नळी हृदयात नेऊन मायट्रलच्या दोन पाकळ्या मध्यभागी एका चिमट्याने एकत्र धरायच्या, म्हणजे एका मोठ्या फटीऐवजी दोन लहान दारे होतात आणि गळती कमी होते. प्रश्न असा आहे की गळती कमी झाल्याने आयुष्य वाढते का. या प्रश्नावर २०१८ साली, एकाच वर्षी, दोन मोठ्या चाचण्यांची उत्तरे आली आणि ती परस्परविरुद्ध निघाली.

अमेरिका व कॅनडात झालेल्या ‘कोऍप्ट’ या चाचणीत ६१४ रुग्ण होते. नुसत्या औषधांवर ठेवलेल्यांपैकी दोन वर्षांत सुमारे ४६ टक्के दगावले, तर औषधांबरोबर क्लिप लावलेल्यांपैकी सुमारे २९ टक्के. दम लागून पुन्हा पुन्हा रुग्णालयात दाखल होण्याचे प्रमाणही जवळजवळ निम्म्यावर आले. फ्रान्समध्ये झालेल्या ‘मित्रा-एफआर’ या चाचणीत ३०४ रुग्ण होते आणि तिथे एका वर्षानंतर दोन्ही गटांत म्हणण्याजोगा फरक दिसला नाही. दोन्हीकडे बावीस ते चोवीस टक्क्यांच्या आसपासच मृत्यू झाले. क्लिप तीच होती, रुग्ण मात्र वेगळे होते. अमेरिकेतील चाचणीत आधी सर्व औषधे सोसवतील तितक्या मात्रेपर्यंत वाढवून पाहिली गेली आणि त्यानंतरही गळती मोठी राहिली अशांनाच घेतले गेले; त्यांची गळती मोठी होती, पण हृदय टोकाचे फुगलेले नव्हते. फ्रान्समधील रुग्णांची हृदये अधिक फुगलेली होती आणि त्या मानाने गळती कमी होती. ज्या हृदयाची मुख्य व्यथा गळती आहे त्याला क्लिपचा लाभ होतो, आणि ज्याची मुख्य व्यथा पार थकलेला स्नायू आहे त्याची फट बुजवूनही फारसे हाती लागत नाही, असा या दोन्हींचा अर्थ अनेक तज्ज्ञ लावतात. मलाही तो पटतो.

म्हणून शेताचा विचार करण्यापूर्वी आईची औषधे पूर्ण मात्रेत किमान तीन महिने चालवून, त्यानंतर पुन्हा इको करा. तो इको करताना गळतीचे छिद्र किती चौरस मिलिमीटर आहे आणि डावा खालचा कप्पा आकुंचन पावल्यावर किती मिलिमीटर रुंद राहतो, हे दोन आकडे मोजून लिहून द्यायला सांगा. ‘कोऍप्ट’मध्ये ही रुंदी ७० मिलिमीटरच्या आत असलेल्यांनाच घेतले होते. हे आकडे आणि औषधांची पूर्ण यादी घेऊन, अशा रुग्णांसाठी हृदयरोगतज्ज्ञ आणि शल्यविशारद एकत्र बसून निर्णय घेतात अशा केंद्रात एकदा मत घ्या. आईची गळती पहिल्या प्रकारची निघाली तर हा खर्च विचारात घेण्यासारखा आहे. दुसऱ्या प्रकारची निघाली तर मी आपल्याला शेत राखायला सांगेन, आणि आईपाशी अधिक वेळ बसायला.

प्रश्न (चोपडा तालुका) : आमचे केळीचे शेत आहे. माझ्या वहिनींना ५८व्या वर्षी पायांवर सूज, पोट फुगणे आणि भूक मंदावणे असा त्रास सुरू झाला. सहा महिने यकृताचा आजार समजून औषधे घेतली. आता इकोमध्ये उजव्या बाजूचा व्हॉल्व ‘सिव्हिअर’ गळतो असे निघाले. डाव्या बाजूइतका उजव्या बाजूचा व्हॉल्व महत्त्वाचा नसतो, असे ऐकले आहे.

उत्तर : हा समज डॉक्टरांमध्येही फार काळ होता, उजव्या बाजूच्या ट्रायकस्पिड झडपेला ‘विसरलेली झडप’ म्हणण्याची पद्धतच पडली होती. २००४ मध्ये अमेरिकेत ५,२२३ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यातून निराळे चित्र पुढे आले. ही झडप गळत नसलेल्यांपैकी एका वर्षानंतर सुमारे ९२ टक्के हयात होते, सौम्य गळतीत ९०, मध्यम गळतीत ७९ आणि तीव्र गळतीत अवघे ६४ टक्के. हृदयाची ताकद आणि फुप्फुसांतील दाब विचारात घेतल्यावरही हा फरक उरला.

उजवी बाजू साऱ्या शरीराकडून आलेले अशुद्ध रक्त घेते. ती गळू लागली की दाब मागे यकृतात, आतड्यांत आणि पायांत साठतो, म्हणून पोट फुगते आणि भूक जाते. यकृताचाच आजार वाटावा अशी ही लक्षणे असतात. वहिनींच्या मानेकडे नीट पाहा. त्या अर्ध्या टेकून बसल्या असताना मानेची शीर ताठ फुगलेली आणि ठोक्याबरोबर उसळणारी दिसली, तर दोष हृदयाच्या उजव्या बाजूचा असण्याचा संशय बळावतो. बहुतेक रुग्णांत उजवी झडप मुळात खराब नसते. डाव्या बाजूचा आजार, फुप्फुसांतील वाढलेला दाब किंवा हृदयाचे ठोके कायम अनियमित पडणे यांमुळे ती ताणली जाते. तेव्हा या तीनपैकी कोणते कारण आहे ते आधी शोधायला हवे. लघवी वाढवणाऱ्या औषधांनी सूज उतरेल, पण सूज उतरली म्हणजे झडप सुधारली असे समजून पुढच्या तपासण्या टाळू नका. डाव्या झडपेची शस्त्रक्रिया करायची वेळ आली, तर त्याच वेळी उजवी झडपही आवळून घेण्याविषयी शल्यविशारदांना आवर्जून विचारा.

प्रश्न (शहादा तालुका) : मी अंगणवाडी सेविका आहे. आमच्या पाड्यावरच्या १४ वर्षांच्या मुलीला लहानपणी सांधे सुजून ताप आला होता. आश्रमशाळेतील तपासणीत तिच्या हृदयात आवाज सापडला, आणि इकोमध्ये मायट्रल झडप मध्यम गळते असे निघाले. दर २१ दिवसांनी पेनिसिलिनचे इंजेक्शन सांगितले आहे. ती चांगली खेळते-धावते, म्हणून आईवडिलांना इंजेक्शन नकोसे वाटते. दिवाळीनंतर ते ऊसतोडीसाठी गुजरातेत जातात आणि तिलाही नेतात. इंजेक्शन बंद केले तर काय होईल?

उत्तर : ताई, या अंकातील सगळ्या पत्रांपैकी आपल्या पत्रातील रुग्णाचे आयुष्य सर्वांत जास्त आपल्या हाती आहे. या मुलीची गळती अमळनेरच्या आप्पांच्या गळतीपेक्षा वेगळी आहे. तिच्या हृदयाचा स्नायू धड आहे. बिघडल्या आहेत त्या झडपेच्या पाकळ्याच. घशाला एका विशिष्ट जंतूचा संसर्ग झाल्यावर शरीराची संरक्षणव्यवस्था चुकून स्वतःच्याच सांध्यांवर आणि झडपांवर हल्ला करते. सांधे बरे होतात, झडपांवर व्रण राहतो. घसा पुन्हा असाच धरला तर पुन्हा हल्ला होतो आणि दर हल्ल्यागणिक झडप आणखी बिघडते. इंजेक्शन झडप दुरुस्त करत नाही. ते पुढचा हल्ला अडवते. त्याचा परिणाम साधारण तीन ते चार आठवडेच टिकतो, म्हणून २१ दिवसांचे बंधन आहे. झडपेत दोष राहिलेल्या मुलांना ते वयाच्या चाळिशीपर्यंत, कधी त्याही पुढे, घ्यावे लागते.

मुलगी खेळते-धावते हे खरे, पण ते फसवे आहे. तरुण हृदय मोठी गळतीही वर्षानुवर्षे कुरकुर न करता सोसते, आणि इकोवर ताकद उलट छान दिसते, कारण मागे जाणारे रक्तही त्या मोजणीत धरले जाते. म्हणूनच अशा आजारात ताकद ६० टक्क्यांवर उतरली किंवा आकुंचनानंतरचा कप्पा ४० मिलिमीटरपर्यंत रुंदावला, की त्रास नसला तरी आम्ही शस्त्रक्रियेचा विचार सुरू करतो. ती योग्य वेळी झाली तर पुढचे आयुष्य पुष्कळ चांगले जाते. कप्पा पार थकल्यावर केली तर झडप बदलूनही ताकद परत येत नाही. वर्षातून एकदा इको व्हायलाच हवा, आणि पुढे लग्नानंतर मूल होऊ देण्यापूर्वी हृदयरोगतज्ज्ञांचा सल्लाही. शस्त्रक्रियेची वेळ आलीच तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत झडपेच्या शस्त्रक्रियांचा समावेश आहे. कुटुंबाचे शिधापत्रक आणि मुलीचे आधार कार्ड आताच नीट करून ठेवायला सांगा.

आईवडिलांशी बोलताना व्हॉल्व, इको हे शब्द बाजूला ठेवा आणि विहिरीच्या फुटबॉलचे उदाहरण द्या. शक्य असेल तर मुलीला आश्रमशाळेतच राहू द्यावे, असा आग्रह धरा. जायचेच ठरले तर निघण्याच्या आठवड्यात एक इंजेक्शन होईल असे पाहा आणि औषधाचे नाव, मात्रा, पेनिसिलिनची ॲलर्जी नसल्याची नोंद आणि पुढच्या सहा इंजेक्शनांच्या तारखा आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांकडून शिक्क्यासह एका जाड कागदावर लिहून घ्या. तो कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून मुलीच्याच हाती द्या. १४ वर्षांची मुलगी स्वतःच्या तारखा स्वतः पाळू शकते.